खुणेचा दोरा

बाजारात तिला सगळे घुमी म्हणत. किल्ल्या करणारा म्हणे, औषधाच्या दुकानातला म्हणे, आणि भाजीवाली तर तोंडावर म्हणे. कारण एकच. रस्त्यात समोरून कितीही ओळखीचं माणूस आलं तरी ही बाई नाकासमोर बघत निघून जायची. मान हलवणं नाही की हसणं नाही. एवढा कसला तोरा, असं लोक विचारायचे. तोरा कसला! तिचा धंदाच तसा होता.

ती टोप करायची. गिऱ्हाइकं त्याला विग म्हणत, ती मात्र सासऱ्यांसारखं टोपच म्हणायची. सासरे नाटकवाल्यांसाठी राजांचे आणि खलनायकांचे टोप करत. नाटकं कमी झाली तसे टोप रंगमंचावरून खाली उतरले आणि रोजच्या माणसांच्या डोक्यावर आले. कुणी टक्कल लपवायला यायचं, कुणी भाजल्याचा व्रण. सगळ्यांत जास्त यायच्या त्या मोठ्या दुखण्याच्या उपचारात केस गेलेल्या बायका. तेव्हा सासऱ्यांनी तिला एक नियम घालून दिला होता.

"दुकानाबाहेर आपण गिऱ्हाइकाला ओळखत नाही. त्यानं हाक मारली तर वळायचं, नाहीतर चालायला लागायचं. आपण नुसतं हसलो तरी शेजारचा विचारतो, ही कोण गं? तिथेच तिचा टोप उतरला म्हणून समज."

लग्न होऊन आली तेव्हा ती चांगली बडबडी होती. धंद्यानं घुमी झाली.

दुकानात गिऱ्हाइकाचं नाव लिहून ठेवायची पद्धत नव्हती. माप घेतलं की त्या डोक्याच्या आकाराची एक कापडी टोपी शिवायची आणि तिला एका रंगाचा दोरा बांधायचा. त्याच दोऱ्याचा तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. पुढे टोप सैल झाला किंवा धुवायला आला, की गिऱ्हाईक मागच्या गल्लीतल्या दारानं यायचं, पडद्याआड बसायचं आणि दोरा पुढे करायचं. घुमी फळीवरून त्या दोऱ्याची टोपी काढायची आणि कामाला लागायची. तू कोण, कुठली, काय झालं, असले प्रश्नच नाहीत. हा दोरा दुकानाबाहेर कुणी पाहिला तरी त्याला तो दोराच दिसणार.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घुमीच्या सुनेनं दुकानाची वेबसाइट काढली. सून एका फर्निचरच्या कंपनीत ऑनलाइन विक्री बघायची. घरी आली की एक डोळा कढईवर आणि एक लॅपटॉपवर.

"अहो आई, मागच्या गल्लीत शिरतानासुद्धा बायका दहादा मागे बघतात," ती म्हणाली. "नमुने घरबसल्या बघू देत की. कोण बघणार आहे त्यांना घरात?"

हे घुमीला एकदम पटलं. धंदा वाढेल म्हणून नाही, गिऱ्हाइकाची लाज राखली जाईल म्हणून. तिनं लाकडी डोक्यांवर टोप चढवले, सुनेनं फोटो काढले. दुकानांसाठी इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या पानावर ते टाकले आणि वेबसाइट सुरू झाली. तेव्हापासून घुमी नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून सांगू लागली, "इथे ताटकळू नका. घरी निवांत बघा. आवडेल तो सांगा, मी तसा करून देते."

ग्रंथपाल बाईंनाही तिनं तेच सांगितलं होतं.

त्या ग्रंथपाल आहेत हे घुमीला विचारून कळलेलं नव्हतं. ती स्वतःच त्या वाचनालयाची सभासद होती. काउंटरवर त्या शिक्का मारत, ही पुस्तक उचले, आणि दोघी एकमेकींना परक्या. मागच्या खोलीत पडद्याआड मात्र ग्रंथपाल बोलायच्या. वडील याच दुखण्यानं गेलेले. आईनं त्यांचं सगळं केलं आणि त्यात ती निम्मी झाली. आता म्हातारपणी तिला पुन्हा तेच बघायला लावायचं नाही, असं यांनी मनाशी ठरवलेलं. उपचार संपू देत, शेवटचा रिपोर्ट हातात येऊ दे, मग तिच्या शेजारी बसून सांगेन, म्हणायच्या. तोवर केस जसेच्या तसे दिसले पाहिजेत. त्यांच्या कपाळाशी उजव्या बाजूला जन्मापासून एक पांढरी बट होती. आणि योगायोग असा, की घुमीनं हौसेनं केलेला तसला एक नमुना वेबसाइटवर होता. सून हसली होती त्याला. "पांढरी बट मुद्दाम विकत कोण घेणार, आई?"

ग्रंथपालांनी तो घरच्या कॉम्प्युटरवर शोधून काढला होता. पुनःपुन्हा उघडून बघितला होता. त्यांचा दोरा मोरपंखी.

एके दुपारी त्या आल्या त्या पुढच्या दारानं. पर्स छातीशी धरलेली, चेहरा पांढराफटक.

"आईला कुणी सांगितलं?"

घुमीच्या हातातली टोपाची जाळी तशीच राहिली. "काय सांगितलं?"

"वेड पांघरू नका. काल रात्री जेवताना ती माझ्या केसांना हात लावून म्हणाली, काढून ठेव आता, घरात कशाला? मी विचारलं, तुला कोण म्हणालं? तर म्हणाली, मला कळायचं ते कळलं. डॉक्टर दुसऱ्या गावचे. घरात आम्ही दोघीच. उरलं कोण?"

"मी नाही हो सांगितलं."

"मग काय तुमच्या लाकडी डोक्यांनी सांगितलं?" त्यांचा आवाज चिरकला. "रात्रभर बसून होती ती. काही बोलत नाही, रडत नाही, नुसती माझ्याकडे बघते. बाबांकडे बघायची तशी. मला माझ्या तोंडानं सांगायचं होतं, बाई. एवढं एकच माझ्या हातात होतं."

त्यांनी पर्समधून मोरपंखी दोरा काढला, टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या.

घुमीनं तो उचलून फळीवरच्या टोपीत ठेवला. तिनं खरोखर कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ती स्वतःचीच उलटतपासणी करू लागली. भाजीवालीशी बोलताना काही निसटलं का? झोपेत बडबडतो का आपण? नवऱ्यालाही विचारून झालं. तो म्हणाला, "तू जागेपणी बोलत नाहीस, झोपेत काय बोलणार!" आणि कूस बदलून घोरायला लागला. तिला हसूही आलं नाही. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी घुमी म्हणवून घेतलं, तीच कुणी तिच्या हातून काढून घेतली होती. जेवण जाईना. सुईची गाठ चुकायला लागली.

कोडं सुटलं ते एका तिकीट तपासनीसामुळे. हे तिचं जुनं गिऱ्हाईक. टक्कल चकचकीत आणि जीभ त्याहून. टोप धुवायला घेऊन आला आणि पडद्याआड टेकतो न टेकतो तोच म्हणाला, "बाई, तुम्ही रस्त्यात ओळख देत नाही, पण तुमचं दुकान माझा पिच्छा सोडत नाही बुवा!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! नवा टोप घ्यावा म्हणून तुमच्या पानावर नमुने बघितले. तेव्हापासून हवामान बघायला जावं तर शेजारी टोप. क्रिकेटचा स्कोअर बघावा तर खाली टोप. तोही मी बघितलेलाच, तपकिरी, भांगवाला. काल नातीला कॉम्प्युटरवर गोष्टीचा व्हिडिओ लावून दिला तर ती म्हणते, आजोबा, तुमचे केस गोष्टीत आले!" तो खो खो हसला. "मी फुकट्या प्रवाशाच्या मागे लागत नाही इतका तो टोप माझ्या मागे लागलाय."

घुमी हसली नाही. तिनं विचारलं, "एकाच कॉम्प्युटरवर घरातली दुसरी माणसं बसली तर त्यांनाही दिसेल?"

"दिसेल म्हणजे? बायको रोज बघते. तिला काय, तिनं टकलासकटच पत्करलंय."

त्या संध्याकाळी सून कामावरून आल्याबरोबर घुमीनं तिला स्वयंपाकघरातच गाठलं. सुनेनं आधी ऐकून घेतलं, मग लॅपटॉप उघडला, मग तिचा चेहरा उतरत गेला.

"आई, तयार पान घेतलं ना, त्यात एक सोय असते. गेलेलं गिऱ्हाईक परत आणा, असं लिहिलेलं होतं. मी खूण केली. आमच्या कंपनीत सोफ्यांसाठी करतो तसं."

"मला नीट सांग. सोफा बाजूला ठेव."

सुनेनं स्टूल ओढलं. "तुमचा दोरा असतो ना, तसंच समजा. आपल्या वेबसाइटवर कुणी आलं, की वेबसाइट त्याच्या ब्राउझरला एक चिठ्ठी देते. तिला कुकी म्हणतात. तिच्यावर नाव नसतं, नुसता एक नंबर. पुढच्या वेळी आलं की ब्राउझर आपणहून ती चिठ्ठी दाखवतो, आणि वेबसाइटला कळतं, अरे, हा मागचाच. यानं अमुक नमुना बाजूला ठेवला होता."

"मग यात वाईट काय? तेवढं मीही करते."

"तेवढ्यात काहीच नाही. पण मी जी खूण केली, तिनं आपल्या पानावर एका जाहिरात कंपनीला बसायला जागा दिली. ती तिची स्वतःची चिठ्ठी देते. आणि ती कंपनी फक्त आपल्याकडे बसत नाही. बातम्यांच्या पानावर तीच, हवामानाच्या तीच, खेळाच्या तीच. तिथे तो ब्राउझर गेला की तिची चिठ्ठी तिलाच दिसते. मग ती ओळखते, हा मघाशी पांढऱ्या बटेचा टोप बघत होता. दाखवा त्याला तोच."

गॅसवरचं दूध वर आलं, ते सुनेनं उतरवलं.

"म्हणजे माझ्या पडद्याआड एक परका माणूस बसवला होतास," घुमी म्हणाली. "माझ्या गिऱ्हाइकाच्या हाताला त्यानं आपला दोरा बांधला. आणि गावातल्या प्रत्येक दुकानात तोच बसलाय."

"लोकांना विचारतो आपण, आई. पान उघडलं की खाली पट्टी येते, कुकीज स्वीकारा म्हणून."

"कशी येते, दाखव."

सुनेनं दाखवली. 'सगळं स्वीकारा' हे बटण हिरवंगार, तळहाताएवढं. नको म्हणायची वाट करड्या, बारीक अक्षरात. घुमीनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हे वाचलंस तू कधी?"

"कुणीच वाचत नाही," सून म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं ओठ चावला. मग चाचरत म्हणाली, "कुणाच्या बाबतीत झालं, आई? मी जाते त्यांच्याकडे. माझी चूक आहे, मी पाया पडेन हवं तर. मला कोण ओळखतं तिथे?"

"कोण ते तुला सांगू?"

"मग कसं जाणार?"

"तेच तर म्हणते मी."

सुनेनं तिच्यादेखत ती खूण काढली आणि जाहिरात बंद केली. घुमीला वाटलं, सुटलो. पण सून खाली मान घालून म्हणाली, "आपले टोप आता कुणाला दिसणार नाहीत. पण आई, त्या कंपनीला जे कळलं ते कळलं. चिठ्ठी त्या माणसाच्याच ब्राउझरमध्ये आहे, ती त्यानं पुसली तरच जाईल. उद्या दुसऱ्या कुणी टोपवाल्यानं, औषधवाल्यानं त्यांना पैसे दिले, तर..."

"तर माझं गिऱ्हाईक त्याला दाखवतील."

सुनेनं मान हलवली.

घुमीकडे कुणाचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, फोन नव्हता. ज्यांना सावध करायचं त्यांना शोधायची सोय तिनं स्वतःच ठेवली नव्हती, आणि त्याचाच तिला आजवर अभिमान होता. शेवटी तिनं सुनेला पानावर मोठ्या अक्षरात लिहायला लावलं, 'या पानावर येणाऱ्यांच्या मागे आमच्याकडून नकळत जाहिरातवाले लागले. चूक आमची. ब्राउझरमधल्या कुकीज पुसून टाका. कशा पुसायच्या ते खाली दिलं आहे.'

"असं कुणी लिहितं का, आई? धंदा बसेल."

"बसला तर बसू दे. लिही."

वाचनालयाचं पुस्तक परत करायचं होतं. तेवढं निमित्त पुरे होतं. घुमी काउंटरसमोर उभी राहिली. ग्रंथपालांनी पुस्तक ओढून घेतलं, वर बघितलं नाही. टोप मागून सैल झालेला होता. जाळीची कड मानेपाशी सुटली होती, ती घुमीच्या नजरेतून सुटेना. ओठावर वाक्य तयार होतं, 'ते मी नव्हते, पण माझ्याच दुकानातून गेलं.' शेजारच्या खुर्चीवर दुसरी कर्मचारी कार्डं लावत होती. मागे रांग होती.

"दुसरं पुस्तक?" ग्रंथपाल कोरड्या आवाजात म्हणाल्या.

"नको," घुमी म्हणाली आणि बाहेर पडली. पायरीवर तिला स्वतःचाच राग आला. पण परत आत जाऊन बोलणं, तेही चारचौघांत, म्हणजे सासऱ्यांनी सांगितलं होतं तेच, टोप उतरवणं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुकानाच्या पुढच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. काठी, जाड चष्मा. आत येऊन तिनं लाकडी डोक्यांवरून नजर फिरवली आणि पांढऱ्या बटेच्या टोपासमोर थांबली.

"हाच," ती म्हणाली. "मी पत्ते खेळत होते कॉम्प्युटरवर. शेजारी हा आला. खाली तुमच्या दुकानाचं नाव, आणि लिहिलेलं, तुम्ही पाहिलेला नमुना अजून उपलब्ध आहे. मी तर कधी पाहिला नव्हता. मग आमच्या घरात कुणी पाहिला?" ती खुर्चीवर बसली. "माझ्या मुलीचा तुम्हीच केलात ना?"

हो म्हटलं तर घुमी स्वतः सुटत होती. एक शब्द पुरे होता. ही म्हातारी घरी जाऊन सांगेल, आणि सगळं खापर डोक्यावरून उतरेल.

"माझ्याकडे कोण येतं, ते मी सांगत नाही, आजी."

"मी आई आहे तिची."

"असाल."

"मला एवढंच सांगा. माप घेताना तुम्ही डोकं बघता. नवे केस यायला लागलेत का? ह्यांचे कधी आलेच नाहीत परत." म्हातारीनं काठी मांडीवर आडवी ठेवली. "ती मला काही सांगत नाही. तिला वाटतं मी मोडेन. मीही तिला विचारत नाही. मला वाटतं ती मोडेल."

लवीसारखे केस यायला लागलेले घुमीनं स्वतःच्या बोटांनी चाचपले होते. मागच्या मापाला. तिनं खाली बघितलं आणि हातातली जाळी घट्ट धरली.

"पाणी देऊ का, आजी?"

म्हातारी उठली. "दगड आहात," ती म्हणाली, आणि काठी टेकत गेली.

त्या रात्री घुमी जेवली नाही. तिच्या मनात आलं, सुनेच्या त्या चिठ्ठीनं बोलू नये ते सांगून टाकलं, आणि आपण सांगावं ते सांगितलं नाही. दोघींत बरी कोण, ते तिला ठरवता येईना.

पुढच्या आठवड्यात भाजीबाजारात त्या मायलेकी तिला समोरून येताना दिसल्या. म्हातारी मुलीच्या दंडाला धरून चालत होती. घुमीनं नेहमीप्रमाणे नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे लावली. पण म्हातारी थांबली.

"काय हो! ओळखलं नाहीत?"

घुमी चालत राहिली. म्हातारी तिचं गिऱ्हाईक नव्हती, आणि जी होती तिनं हाक मारली नव्हती.

"बघितलंस?" म्हातारीचा आवाज मागून आला, भाजीवालीलाही ऐकू जाईल असा. "हिच्याकडे जाऊन विचारून आले मी. माझ्या मुलीचा टोप केलात का, म्हटलं. तर ना हो, ना नाही. पाणी देऊ का म्हणते! घुमी कुठली."

"तू... तिच्याकडे गेली होतीस?" ग्रंथपालांचा आवाज. "कशी? मग तुला सांगितलं कुणी?"

"सांगितलं कुणी म्हणजे? आपल्या कॉम्प्युटरनं. पत्त्यांच्या शेजारी तुझे केस येऊन बसले होते."

घुमीची पावलं जड झाली. इतक्या वर्षांत तिला मागे वळून बघावंसं पहिल्यांदा वाटलं. ती बघणार नव्हती. कांद्यांच्या ढिगापर्यंत ती पोचली तेव्हा हाक आली.

"टोपवाल्या बाई!"

भर बाजारात, स्वच्छ आवाजात. किल्लीवाल्यानं मान वर केली. घुमी वळली.

ग्रंथपाल जवळ आल्या.

"दोरा आहे का अजून?"

"आहे."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पण गेलं ते माझ्याच दुकानातून, बाई. घरी बघा म्हणून मीच सांगितलं होतं तुम्हाला."

ग्रंथपालांनी कपाळाशी हात नेला, बट सारखी केली. रागावल्या नव्हत्या, पण हसल्याही नाहीत. "सैल झालाय. मंगळवारी येते. आईला घेऊन, पुढच्याच दारानं. आता मागच्या दाराची गरज राहिली नाही."

घुमीनं मान हलवली, भर रस्त्यात, सगळ्यांदेखत.

म्हातारी काठी टेकत येऊन पोचली होती. तिनं घुमीला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे बोलता येतं हिला," ती म्हणाली. मग मुलीचा दंड धरून, इतक्या हळू की ते फक्त त्या तिघींनीच ऐकलं, तिनं विचारलं, "आता ही सांगेल का मला, केस येतायत का ते?"

घुमीनं ग्रंथपालांकडे बघितलं आणि त्यांच्या होकाराची वाट बघत उभी राहिली.